प्रमाणवेळ आणि प्रमाणसत्ता : एक टिपण

घड्याळ चुकले की काटे फिरवावेत, हा व्यवहारातील उपाय होय. ते कोणाच्या वेळेशी जुळवावयाचे, हा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे. पुणे-मुंबईच्या कालगणनेवरून हा भेद स्पष्ट होतो.

रेखांशाच्या एका अंशामागे स्थानिक वेळेत चार मिनिटांचा फरक पडतो. पुणे सुमारे ७३.८५ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर मद्रास ८०.२५ अंशांवर. त्यामुळे पुण्याची स्थानिक वेळ मद्रासच्या मागे सुमारे सव्वीस मिनिटे, म्हणजे जुन्या मापाने एका घटकेहून किंचित अधिक, राहते. घटिकापात्रावर दिवस मोजला जात होता तोवर या फरकाचे कोणाला सोयरसुतक नव्हते. १८५८ मध्ये पुण्यास आगगाडी आली. पुढे रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली आणि सूर्याची एक व स्थानकाची दुसरी अशा दोन वेळा निर्माण झाल्या.

१८८१ मध्ये मुंबई सरकारने मद्रासची वेळ लागू करण्याचा प्रयत्न केला. लोकांच्या विरोधामुळे १८८३ मध्ये तो सोडून द्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश रेखांशावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या सुमारे ३९ मिनिटे मागे होती. साहजिकच गिरणीकामगारास सूर्याच्या मानाने तितके आधी कामावर हजर होणे भाग होते. त्यातच १९०५ च्या वंगभंगाने लोकमत क्षुब्ध झालेले होते. नगरपालिकेच्या घड्याळांनी ‘मुंबई वेळ’च पाळली आणि ती १९५५ पर्यंत टिकली. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, ही घड्याळे बिघडलेली नव्हती. त्यांनी मानलेली सत्ता वेगळी होती.

हाच भेद आजच्या संगणकजालातही दिसतो. डोमेनमध्ये सामील झालेला विंडोज संगणक सामान्यतः डोमेन-नियंत्रकाकडून वेळ घेतो, नियंत्रक आपल्या वरिष्ठ नियंत्रकाकडून, आणि सर्वांत वरचा बाहेरील प्रमाणित घड्याळाकडून. केर्बेरॉस ही ओळख पटविणारी पद्धती मूळ मांडणीत पाच मिनिटांपर्यंतचाच फरक खपवून घेते. त्यापुढे खरा वापरकर्ताही दारातच अडतो. अशा वेळी काटे हाताने फिरविणे व्यर्थ ठरते, कारण वेळेचा उगम चुकीचा असल्यास दोष पुन्हा उद्भवतो. प्रथम संगणक कोणाकडून वेळ घेतो ते पाहावे, नंतर त्यास डोमेनच्या उतरंडीशी पुन्हा जोडून कालसेवा नव्याने सुरू करावी, आणि सर्वांत वरच्या नियंत्रकाचीच वेळ बरोबर आहे ना, याची खात्री करून घ्यावी. कालक्षेत्राची चूक मात्र निराळी. संगणक आतून जागतिक वेळच पाळतो, कालक्षेत्र केवळ ती दाखविण्याची रीत ठरविते. ते चुकले असता काटे फिरविल्यास बरोबर असलेली मूळ वेळही बिघडते.

मुंबई वेळ आणि प्रमाणवेळ यांतील ३९ मिनिटे सर्वांना ठाऊक होती, म्हणून दोन्ही वेळा अर्धशतक शेजारी नांदू शकल्या. घोटाळा दोन वेळा असल्याने होत नाही. समोरची वेळ कोणाची, हे ठाऊक नसल्याने होतो.