तळटीप : परकोटातले सोयरे

१४. ‘परकोटातले सोयरे’ : अमरावतीच्या जुन्या शहराभोवतीचा दगडी कोट येथे अभिप्रेत आहे. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून सावकार-व्यापाऱ्यांना संरक्षण मिळावे म्हणून निजामाच्या राजवटीत १८०७ साली त्याचे काम सुरू झाले. घेर सुमारे सव्वादोन मैल, उंची २० ते २६ फूट. पाच दरवाजे आणि चार खिडक्या. (खिडकी म्हणजे येथे लहान दरवाजा. त्यांतली खुनारी खिडकी तिच्याजवळ झालेल्या रक्तपातावरून ओळखली जाते.) कोटाच्या आत वाडा असणे ही ऐपतीची खूण होती, आणि ती ऐपत कापसाची. १८४२ मध्ये एकट्या एका व्यापाऱ्याने लाखभर बैलांवर कापूस लादून कलकत्त्याला पाठवला, असे जुने गॅझेटियर सांगते. आकडा फुगवलेला मानला तरी सोयऱ्यांची मिजास कशाच्या जोरावर होती ते कळते. चांदूर बाजारहून दमणीने येणाऱ्या लेखकाच्या आईला ओसरीवरच बसवले गेले, त्यामागे ही मिजास आहे. मात्र या प्रसंगापर्यंत साहेबांचे बंगले कोटाबाहेर कॅम्पात उभे राहिले होते, वकील-डॉक्टरही मोकळ्या जागा शोधू लागले होते. परकोटाची प्रतिष्ठा तेव्हा उतरणीलाच लागली होती. सोयऱ्यांना ते उमगले नव्हते, इतकेच. पुढील प्रकरणांत नुसते ‘चांदूर’ येते तेथे चांदूर बाजारच समजावे. चांदूर रेल्वे हे याच जिल्ह्यातले वेगळे गाव. — संपा.