गाडीच्या टपावरचं ऊन

मित्राने जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर व्हॅन केलीय. झोपायला बाकं, छोटा ओटा, टपावर ४०० वॉटची दोन सोलर पॅनल्स. मे महिन्यात माझ्या आई-बाबांनाही घेऊन ताडोबा आणि पुढे आलापल्लीमार्गे भामरागड असा बेत आहे. प्रश्न एकच: एसी चालेल का? मी चंद्रपूरचा, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. बाबांना दोन वर्षांपूर्वी ऊन लागलं होतं, म्हणून जरा गंभीरपणेच कागद-पेन घेऊन बसलो. बसलो गणिताला आणि शिरलो इतिहासात. असो.

आमच्याकडे पूर्वी खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यावर पाणी मारायचे. लोखंडी कूलर म्हणजे तीच ताटी, फक्त पंखा आणि पंप जोडलेली. एसीचा जन्म मात्र माणसांसाठी झालाच नाही! १९०२ साली विलिस कॅरिअरने तो ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आखला, हवेतल्या दमटपणामुळे कागद बिघडू नये म्हणून. सिलिकॉनचा सोलर सेल आला १९५४ साली, बेल लॅब्समध्ये. उन्हाची जेमतेम ६ टक्के वीज करणारा.

आता आपल्या भागाकडे या. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. त्याच वर्षी दिल्लीत अपारंपरिक ऊर्जेचं खातं निघालं. पुढच्याच वर्षी चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राचा पहिला २१० मेगावॉटचा संच सुरू झाला. आमच्या कोळशाची वीज तारांवरून दूर दूर गेली. आणि भामरागडजवळ हेमलकशाला, जिथे १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प होता, तिथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे कित्येक वर्षं कंदिलाच्या उजेडात पेशंट तपासत होते. वीज कुठे तयार होते आणि कुठे पोचते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्याइतकं कोणाला कळणार?

गाडीतही तेच. ८०० वॉटची पॅनल्स दिवसाला कागदावर ४ युनिट देतात. पण पॅनल तापलं की वीज घटते. मेमध्ये ते ६५-७० डिग्रीला जातं, म्हणजे साधारण १५ टक्के तिथेच गेले. बाकीची गळती धरून हातात ३ युनिट. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभर चालवायला ५ तरी हवेत. कूलरला दीड पुरतं, पण त्याला खिडकी उघडी लागते, आणि गडचिरोलीत उघडी खिडकी म्हणजे डास, म्हणजे मलेरिया.

मित्र म्हणाला, "मग टपावर तिसरं पॅनल टाकू." पण खरी गोम वेगळीच आहे. पॅनल चालायला गाडी उन्हात हवी, आणि उन्हात उभी गाडी म्हणजे भट्टी. एसीचं अर्धं बळ पत्रा थंड करण्यातच जाणार.

म्हणून माझा सल्ला: तिसरं पॅनल घे, पण घडीचं. लांब वायर लावून ते उन्हात मांड, गाडी झाडाखाली. पत्र्याच्या आतून जाड इन्सुलेशन, ५ युनिटची लिथियम बॅटरी, आणि एसी फक्त झोपेपुरता, २७ डिग्रीवर. आधी गरज कमी करायची, मग वीज वाढवायची. ताटीवाल्यांना हे कळत होतं.

बाबांना सगळं गणित दाखवलं. ते म्हणाले, "झाडाखाली हे बरं आहे. पण ढग आले तर?"

ढग आले तर चंद्रपूरला घरी परत, बाबा. तिथे कूलर आहे.