भाड्याच्या यंत्रापासून ‘मेघराज’पर्यंत : शासकीय संस्थांतील सामायिक संगणकसेवेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

शासकीय व निमशासकीय कार्यालयांनी स्वतःचे सर्व्हर विकत न घेता दूरच्या केंद्रातील सॉफ्टवेअर वर्गणी भरून इंटरनेटद्वारे वापरावे, हा विचार गेल्या दीड दशकात रूढ झाला आहे. या व्यवस्थेलाच ‘क्लाउड’ सेवा म्हणतात. तिचे लाभ सांगणारे लेखन विपुल आहे. परंतु त्यातील बरेचसे लेखन ही व्यवस्था जणू कालपरवा जन्मास आली असे गृहीत धरते. वस्तुतः संगणक भाड्याने घेण्याचा अनुभव भारतीय शासनाच्या गाठी १९६०च्या दशकापासून आहे, आणि तो सर्वस्वी गोड नाही. प्रस्तुत निबंधात त्या अनुभवाच्या प्रकाशात आजच्या लाभांची तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. वर्गणीच्या सेवेचा लाभ खरा आहे आणि तो सर्वाधिक लहान कार्यालयास होतो. मात्र वर्गणी थांबल्यावर दप्तर कार्यालयाकडे परत येणार नसेल, तर त्या लाभाचा हिशेब अपुरा राहतो, असे आमचे प्रतिपादन आहे.

भाड्याच्या यंत्रांचा काळ

वीज किंवा दूरध्वनीप्रमाणे संगणनही एक सार्वजनिक सेवा होऊ शकेल, ही कल्पना जॉन मॅकार्थी यांनी १९६१ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या शताब्दी समारंभात मांडली होती. त्या काळी एका यंत्राची किंमतच अशी होती की, अनेकांनी मिळून वापरण्यावाचून गत्यंतर नव्हते. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक बसविण्यात आला, तेव्हा देशातील अन्य संस्थांचे संशोधकही आपली कामे तेथे पाठवीत. १९६८ साली स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या आरंभीच्या कामांत सेंट्रल बँकेच्या शाखाशाखांमधील व्यवहारांचा मेळ घालण्याचे काम होते. कागद एका कार्यालयाचे, यंत्र दुसऱ्याचे आणि मोबदला कामापुरता, ही आजच्या वर्गणीची पूर्वपीठिकाच होय.

दुसरी पद्धत यंत्रच भाड्याने घेण्याची होती. आयबीएम कंपनीचे १४०१ जातीचे संगणक रेल्वेसह अनेक सार्वजनिक उपक्रमांत आले, ते बहुधा भाडेपट्ट्याने. यंत्राची मालकी कंपनीकडे, देखभालही तिच्याकडेच. सोय मोठी होती, यात शंका नाही. कार्यालयाला तंत्रज्ञ नेमावे लागत नसत. परंतु अन्यत्र वापरून जुनी झालेली यंत्रे डागडुजी करून भारतात आणली जात आणि त्यांवर भरमसाट भाडे आकारले जाई. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५-७६ सालच्या आपल्या अहवालात शासकीय विभागांतील या संगणकीकरणाचा कठोर समाचार घेतला. पुढे परकीय चलन नियमन कायद्यातील भागभांडवलाची अट मान्य न झाल्याने १९७८ साली कंपनीने भारतातील कारभार गुंडाळला. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सार्वजनिक क्षेत्रातील सीएमसी या संस्थेने हाती घेतली. यंत्रे कार्यालयांत होती, म्हणून कामकाज चालू राहू शकले. आजचा सेवापुरवठादार निघून गेला, तर कार्यालयात मागे काय उरेल, हा प्रश्न येथेच मनाशी नोंदवून ठेवावा.

तालुक्याच्या सर्व्हरपासून राज्याच्या केंद्राकडे

नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरची स्थापना १९७६ साली झाली आणि १९८७ साली उपग्रहावर आधारलेले ‘निकनेट’ हे जाळे सुरू झाले. शासनाने शासनासाठीच सामायिक सेवा उभारण्याचा हा प्रयत्न होता. तथापि दैनंदिन दप्तर मात्र दीर्घकाळ त्या त्या कार्यालयाच्या यंत्रातच राहिले. याचे उत्तम उदाहरण म्हणजे भूमिअभिलेख.

जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. १९९७-९८ पासून योजना तालुका पातळीवर नेण्यात आली. तहसील कार्यालयात स्वतंत्र यंत्र, त्यात त्या तालुक्याचे सातबारा, आणि ते चालविणारा एखादा जाणकार कर्मचारी अशी ती रचना होती. वीज गेली, यंत्र बिघडले किंवा त्या कर्मचाऱ्याची बदली झाली की काम खोळंबे. सॉफ्टवेअरमध्ये एक दुरुस्ती करावयाची, तर ती साडेतीनशेहून अधिक ठिकाणी जाऊन करावी लागे. एका तालुक्यात सुधारित आवृत्ती आणि शेजारच्या तालुक्यात जुनी, अशी स्थिती या रचनेत अटळच होती.

नोंदी राज्य पातळीवरील केंद्रात एकत्र आणून ‘ई-फेरफार’ प्रणाली सुरू झाली, तेव्हा दुरुस्ती एके ठिकाणी करण्याची सोय झाली. मात्र तलाठ्यांच्या तक्रारींचा विषय बदलला. पूर्वी यंत्र बंद पडे; आता ‘सर्व्हर मंद आहे’ हे वाक्य ग्रामीण महाराष्ट्राच्या बोलीत स्थिरावले. दिनांक १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. नागरिकाने पंधरा रुपये भरावे आणि उतारा घ्यावा. म्हणजे वापरापुरता मोबदला हे तत्त्व शेतकऱ्यापर्यंत पोहोचले.

मेघसेवा आणि तिचे लाभ

अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, २०११ साली क्लाउडची जी व्याख्या केली, तीत मागणीनुसार तत्काळ होणारा विस्तार आणि मोजून घेतलेला वापर ही लक्षणे आहेत. त्याच सुमारास तेथील संघराज्य शासनाने नव्या प्रणालींसाठी क्लाउडचा आधी विचार करावा असे धोरण स्वीकारले. ब्रिटनने २०१२ साली ‘जी-क्लाउड’ ही खरेदीची चौकट आणली. भारतात ‘मेघराज’ उपक्रमाचा धोरणविषयक दस्तऐवज २०१३ साली प्रसिद्ध झाला. पुढे खाजगी पुरवठादारांची छाननी करून त्यांना शासकीय यादीत घेण्याची पद्धत सुरू झाली. माहिती भारताच्या हद्दीतच ठेवण्याची अट त्यात आहे. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये स्वतःचे क्लाउड धोरण जाहीर केले.

‘मागणीनुसार विस्तार’ म्हणजे काय, हे प्राध्यापकवर्गाला निकालाच्या दिवशी वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नसते. वर्षातून दोन-चार दुपारी लक्षावधी विद्यार्थी एकाच क्षणी संकेतस्थळ उघडतात; उरलेले वर्ष ते जवळजवळ ओस असते. त्या दोन-चार दुपारांसाठी यंत्रे विकत घेणे म्हणजे वार्षिक यात्रेसाठी कायमची धर्मशाळा बांधण्यासारखे आहे. १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेल्या लसीकरण मोहिमेची ‘कोविन’ प्रणाली क्लाउडवर उभी नसती, तर वाढत्या नोंदणीबरोबर तिचा विस्तार करणे दुष्कर झाले असते.

दुसरा लाभ कमी बोलला जातो, आणि आमच्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. नगरपंचायत, ग्रामीण रुग्णालय किंवा अनुदानित महाविद्यालयाचे ग्रंथालय यांना संगणकतज्ज्ञ नेमण्याचे पदच मंजूर नसते. सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर करणे, माहितीची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे ही कामे तेथे कोणाचीच नसतात. मोठ्या संस्थाही याला अपवाद नाहीत. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर सायबर हल्ला झाला. तेथील पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि कित्येक दिवस रुग्णनोंदणी हाताने करावी लागली. हल्ल्यातून सुटलेल्या दुसऱ्या सर्व्हरवर प्रत होती, म्हणून ‘ई-हॉस्पिटल’ची माहिती परत मिळविता आली.

याचा अर्थ केंद्रीकरण आपोआप सुरक्षित असते असा नव्हे. दक्षिण कोरियाचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. डेजॉन येथील शासकीय माहिती केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. अधिकाऱ्यांनी आपले कामाचे कागद ज्या ‘जी-ड्राइव्ह’ या शासकीय क्लाउडवर ठेवले होते, त्याची ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. तिची अन्यत्र प्रत नव्हती. तंत्रज्ञानात अग्रेसर गणल्या जाणाऱ्या राष्ट्रात हे घडावे, हे विशेष होय.

दप्तर कोणाचे?

इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित नाही. नाना फडणीसांच्या वाड्यातील कागद ‘मेणवली दप्तर’ म्हणून प्रसिद्ध आहेत. राज्याचा कागद कोणता आणि कारभाऱ्याच्या घरचा कोणता, ही सीमारेषा त्या काळी पुसटच होती. आधुनिक राज्याने ती कायद्याने आखली. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा, तर महाराष्ट्राचा २००५ चा. अभिलेख जतन करण्याची जबाबदारी हे कायदे कार्यालयावर टाकतात, भाड्याने जागा देणाऱ्यावर नव्हे. यास्तव वर्गणीचा करार करताना दर महिन्याचा दर जितका काळजीपूर्वक पाहिला जातो, तितकीच करार संपतानाची कलमे पाहणे अगत्याचे आहे. माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल, ती दुसऱ्या प्रणालीत वाचता येईल काय, आणि पुरवठादाराकडील प्रत केव्हा पुसली जाईल, हे मोघम राहता कामा नये. मेघराजच्या यादीवरील पुरवठादारांना माहिती परत सोपविण्याचे बंधन आहे. महाविद्यालये स्वतंत्रपणे जे करार करतात, त्यांत मात्र अशी कलमे क्वचितच दिसतात.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने अशाच सेवेची वर्गणी काही वर्षे नियमित भरली. सेवा बंद झाली, तेव्हा पुरवठादाराने ग्रंथांची माहिती एका फाइलमध्ये पाठविली. ती नव्या सॉफ्टवेअरला उघडता येईना. अखेर ग्रंथपाल व दोन सहायकांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत हस्तलिखित दाखल नोंदवहीवरून एकेक ग्रंथ पुन्हा नोंदविला. ती नोंदवही संगणकीकरणानंतर रद्दीत काढण्याचा प्रस्ताव एकदा आला होता. जागा नाही या कारणास्तव तो आला आणि कपाटाची किल्ली सापडत नाही या कारणास्तव बारगळला.