ऐकून घेण्याचा इतिहास

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या वाटचालीचा आढावा घेताना शिक्षणाच्या इतिहासातील एक प्रश्न सहसा मागे राहतो : दिव्यांग मुलांचे म्हणणे शाळेने केव्हा ऐकले?

पॅरिसच्या अंधशाळेत उठावाची रोमन अक्षरे बोटांनी चाचपून वाचण्याची रीत होती. ती डोळसांनी आखलेली होती. लुई ब्रेल या तेथील विद्यार्थ्याने १८२४ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. सहाध्यायांनी ती आपलीशी केली. संस्थेची अधिकृत मान्यता मात्र १८५४ मध्ये, ब्रेल यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी मिळाली. आज अंध मराठी मूल ज्या भारती ब्रेलमध्ये बाराखडी वाचते, ती याच ठिपक्यांची आहे.

भारतात कोठारी आयोगाने १९६६ मध्ये अशा मुलांचे शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचाच भाग मानला. १९७४ मध्ये एकात्मिक शिक्षणाची केंद्रीय योजना आली. शाळेचे दार उघडले. पण आत आलेल्या मुलाला काय वाटते, हे विचारण्याची स्पष्ट तरतूद २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार अधिनियमात झाली. आपल्याशी संबंधित सर्व बाबींवर मोकळेपणाने मत मांडण्याचा समान हक्क या कायद्याने दिव्यांग मुलांना दिला आणि त्यासाठी वय व दिव्यांगत्व लक्षात घेऊन साहाय्य करण्याचे दायित्व शासनावर सोपविले.

पाटनसारख्या तहसिलीच्या गावी या तरतुदीचे मोल अधिक आहे. विशेष शाळा बहुधा जबलपूरसारख्या शहरात असतात. म्हणून गावातील साधी शाळा हीच अनेकदा अशा मुलाची एकमेव शाळा ठरते. पायऱ्यांशेजारी उतार बांधला की कर्तव्य संपले, असे मोठ्यांस वाटते. चाकाच्या खुर्चीतील मुलाची अडचण कदाचित पाण्याच्या नळाच्या उंचीत असते. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलू लागले, की ओठांवरून शब्द टिपणाऱ्या मुलीचा धडा तेथेच तुटतो. ही माहिती परिपत्रकात नसते. ती त्या मुलांपाशीच असते.

म्हणून मुलाला एकांतात विचारावे. बोलणे जमत नसेल तर खुणेने, चित्राने, बोट दाखवून सांगू द्यावे. उत्तरासाठी थांबावे आणि त्यातून काय बदलले, तेही त्याला कळवावे. मान्यतेसाठी ब्रेलच्या लिपीला तीस वर्षे वाट पाहावी लागली. शाळेच्या पुढील वाटचालीत कोणा मुलाच्या म्हणण्यावर तशी वेळ येऊ नये.