‘वाय-फाय’मधील अग्रक्रम : निर्णय होतो तो ड्रायव्हरच्या रांगेत

घरातील एकाच ‘वाय-फाय’वर कोणी कार्यालयाच्या बैठकीत बोलत असते, कोणी चित्रपट पाहत असते आणि त्याच वेळी एखाद्याचा मोबाइल शेकडो छायाचित्रे दूरच्या सर्व्हरवर चढवत असतो. छायाचित्रे दहा सेकंद उशिरा पोहोचली तरी कोणाचे काही बिघडत नाही. आवाजाचे पॅकेट मात्र दीडशे मिलिसेकंदांहून फार अधिक रखडले, की संभाषणाची लय मोडते. कोणत्या पॅकेटला आधी वाट द्यावी याचे नियम जगभर सारखेच आहेत. ते प्रत्यक्षात पाळले जातात की नाही, हे मात्र मोबाइल, लॅपटॉप वा राउटरमधील बिनतारी चिप चालवणाऱ्या ‘ड्रायव्हर’ या आज्ञावलीवर पुष्कळ अंशी अवलंबून असते.

‘आयईईई’ने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ८०२.११ या मूळ प्रमाणकात व्यवहारतः सर्व पॅकेटांना एकच न्याय होता. २००५ च्या ८०२.११ई या दुरुस्तीने त्यांचे चार वर्ग केले : ध्वनी, चित्रफीत, सामान्य आणि पार्श्वभूमी. तत्पूर्वीच, २००४ मध्ये, ‘वाय-फाय अलायन्स’ने त्यातील मुख्य भाग ‘डब्ल्यूएमएम’ या नावाने प्रमाणित करण्यास प्रारंभ केला होता.

हवेत वाहतूक पोलीस नसतो. प्रत्येक यंत्र शांतता आहे का ते पाहते, थोडे थांबते आणि मग बोलते. अग्रक्रम मिळतो तो कमी थांबावे लागल्यामुळे. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, प्रचलित मूल्यांनुसार, मोबाइल वा लॅपटॉपला ध्वनीच्या पॅकेटापूर्वी ३४ मायक्रोसेकंद शांतता पाळावी लागते, सामान्य पॅकेटापूर्वी ४३ आणि पार्श्वभूमीच्या पॅकेटापूर्वी ७९. त्यानंतर चिठ्ठी काढावी तसा एक आकडा निवडून तितके ९-९ मायक्रोसेकंदांचे टप्पे मोजायचे. ध्वनीसाठी पहिली चिठ्ठी ० ते ३ मधील, सामान्यासाठी ० ते १५ मधील. म्हणजे हा हक्क नव्हे, केवळ झुकते माप होय. सामान्य पॅकेट अधूनमधून पुढे निसटतेच.

राउटर ही मूल्ये आपल्या ‘बीकन’ संदेशांतून वेळोवेळी जाहीर करतो. ती चिपमध्ये भरणे, चार वर्गांच्या चार रांगा सांभाळणे आणि प्रत्येक पॅकेट योग्य रांगेपर्यंत नेणे, हे ड्रायव्हरचे आणि त्याच्या आधारस्तराचे काम. लिनक्समध्ये २००७ साली आलेल्या ‘मॅक८०२११’ या सामाईक चौकटीत तर ड्रायव्हरने चारांहून कमी रांगा दाखवल्यास अग्रक्रमाची सोयच सुरू होत नाही.

खरी गंमत वर्ग ठरवण्यात आहे. इंटरनेटच्या पॅकेटावर सहा बिटांचा एक शिक्का असतो. दूरध्वनी संभाषणासाठी रूढ असलेला शिक्का ४६ क्रमांकाचा. ‘वाय-फाय’ला मात्र ० ते ७ एवढेच अंक ठाऊक. सोपा उपाय म्हणून शिक्क्याचे पहिले तीन बिट उचलण्याची पद्धत पडली. ४६ चे पहिले तीन बिट म्हणजे ५, आणि ५ हा अंक मोडतो चित्रफितीच्या वर्गात; ध्वनीचे अंक ६ व ७. परिणामी, नियमाने शिक्का मारलेला आवाजही चुकीच्या रांगेत उभा राहत असे. २०१८ च्या ‘आरएफसी ८३२५’ या दस्तऐवजाने ४६ ला ६ हाच अंक द्यावा, असे सुचवले आणि लिनक्सनेही पुढे तशी तरतूद केली. (१ व २ या अंकांचा दर्जा ० पेक्षाही खालचा आहे, हा या कोष्टकातील आणखी एक विक्षिप्तपणा.)

रांग योग्य असली तरी ती किती लांब असावी, हा प्रश्न उरतोच. वेग वाढावा म्हणून ड्रायव्हर व चिप पॅकेटांचा मोठा साठा करीत. अरुंद पुलावर वाहने खच्चून भरली असता मागच्या रुग्णवाहिकेने कितीही भोंगा वाजवला तरी उपयोग नसतो; तसेच एकाच वर्गाच्या रांगेत अडकलेल्या पॅकेटांचे होते. शिवाय मंद जोडणीचे एखादे यंत्र हवेचा बराच वेळ अडवून इतरांनाही मागे खेचते, हे फ्रान्समधील संशोधकांनी २००३ मध्येच दाखवून दिले होते.

यावरचा महत्त्वाचा उपाय २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वीडनमधील कार्लस्टाड विद्यापीठाचे टोके होइलंड-यॉर्गेनसेन आणि सहकाऱ्यांनी ‘मॅक८०२११’ व ‘अ‍ॅथ९के’ हा ड्रायव्हर यांत फेरफार केले. चिपकडे थोडीच पॅकेट सोपवायची, उरलेल्यांच्या प्रत्येक संभाषणागणिक वेगळ्या रांगा लावायच्या आणि प्रत्येक यंत्राला हवेतील वेळ समान वाटायचा, ही त्यामागील कल्पना. भार असतानाचा विलंब त्यामुळे सुमारे दहापटीने घटला. इतकेच नव्हे, तर सामान्य वर्गातून पाठवलेल्या आवाजाचा दर्जाही ध्वनीवर्गाच्या जवळ पोहोचला. प्रस्तुत लेखकाच्या मते हा निष्कर्ष सर्वांत मोलाचा आहे. कारण अनेक इंटरनेट सेवादाते बाहेरून येणाऱ्या पॅकेटांवरील शिक्के वाटेतच पुसून टाकतात आणि घरच्या राउटरपर्यंत आवाज ‘सामान्य’ म्हणूनच येतो. शिक्का मारणाऱ्या प्रत्येकावर विश्वास ठेवणेही धोक्याचे, कारण चित्रपट उतरवून घेणाऱ्या आज्ञावलीला स्वतःस ‘ध्वनी’ म्हणवून घेण्यापासून तांत्रिकदृष्ट्या फारसे कोणी रोखत नाही.

राउटरच्या मांडणीत ‘डब्ल्यूएमएम’ बंद करण्याचा पर्याय पुष्कळदा आढळतो आणि वेग वाढेल या आशेने काही जण तो वापरूनही पाहतात. तसे करू नये. २००९ च्या ८०२.११एन प्रमाणकापासून वरचे वेग याच सोयीवर बेतलेले आहेत. ती बंद केल्यास जोडणी सामान्यतः सेकंदाला ५४ मेगाबिटच्या जुन्या मर्यादेवर येऊन थांबते.