व्हिडिओ संकलनातील बिघाड व त्यांचे निदान

व्हिडिओ संकलनातील बिघाड : चित्रण संगणकावर उतरवणे, तुकडे जुळवणे, आवाज व शीर्षके चढवणे आणि अखेरची फाइल रेंडर करणे या कामांत यंत्रामुळे किंवा सॉफ्टवेअरमुळे येणारे अडथळे. ग्रामीण महाराष्ट्रात या साऱ्या कामाला मिक्सिंग म्हणतात. शिरूर तालुक्यातले भीमेकाठचे मांडवगण फराटा, नदीपलीकडचा दौंड तालुका आणि भोवतालचा ऊसपट्टा यांत लग्ने, यात्रा, हरिनाम सप्ताह व बैलगाडा शर्यती हे मिक्सिंगचे नेहमीचे विषय आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या शर्यतींना पुन्हा वाट मोकळी करून दिली, तेव्हापासून शर्यतीच्या घाटातले चित्रण लगोलग यूट्यूबवर चढवण्याची धांदलही वाढली. बारामती तालुक्यात कांबळेश्वरला घडणारी ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ आणि साताऱ्याकडच्या केंजळची ‘गावाकडच्या गोष्टी’ या वेबमालिका आज राज्यभर पाहिल्या जातात. काम खेड्यात आले, पण यंत्र बिघडल्यावर निदान करणारा माणूस बहुधा पुण्यातच राहिला. निदानाची पद्धत संकलकाला स्वतःला यावी लागते ती यामुळे.

पूर्वपीठिका : प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापुरातून पुण्यात आली आणि तिच्याच जागेत १९६० मध्ये चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली. फिल्मच्या त्या काळात दोष बोटांना लागे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका चौकटीला चार छिद्रे असतात. ध्वनिपट्टी एका छिद्राने सरकली तर आवाज पाव चौकट मागेपुढे होई, आणि तो पुन्हा हातानेच जागेवर आणता येई. व्हीएचएस कॅसेटच्या काळात प्रतीवरून प्रत काढताना चित्र फिके पडत गेले. पुढे डीव्ही टेप आली. तिचे एक तासाचे चित्रण सुमारे १३ जीबी भरे. ते फायरवायर केबलने उतरवताना डिस्क मंद असेल तर चौकटी गळत, आणि कॅमेरा चालू असताना केबल ओढली तर पोर्ट जळण्याची भीती असे. आज दोष दिसत नाही, फक्त त्याचा परिणाम दिसतो.

निदानाची पहिली पायरी : रेंडर मध्येच थांबले, तर ते पुन्हा लावून दर वेळी नेमके कुठे थांबते ते टिपून ठेवावे. एकाच जागी थांबत असेल तर दोष बहुतेक त्या जागेवरच्या फाइलमध्ये, इफेक्टमध्ये किंवा फॉन्टमध्ये असतो. दर वेळी जागा बदलत असेल तर संशय यंत्रावर घ्यावा: उष्णता, रॅम, वीजपुरवठा, ग्राफिक्स कार्ड. ही एक नोंद अनेक दिवसांची धावपळ वाचवते. प्रत्यक्षात मात्र घाबरलेला माणूस आधी विंडोज नव्याने टाकतो, आणि त्यात पुरावाही पुसला जातो.

जागा ठरलेली असेल तर टाइमलाइन निम्मी करून एकेक भाग वेगळा रेंडर करावा. जो अडेल तो पुन्हा निम्मा करावा. चार-पाच फेऱ्यांत दोषी क्लिप हाती लागते. जागा बदलत असेल तर रेंडरचे काम ग्राफिक्स कार्डावरून काढून प्रोसेसरवर द्यावे. तेवढ्याने काम पूर्ण झाले तर दोष कार्डात किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये असतो. रॅमसाठी मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे. प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या जवळ गेला की स्वतःच वेग उतरवतो, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी नीट चाललेले काम दुपारी रखडते. पंख्यात साचलेली धूळ काढणे आणि वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ड्रायव्हर, रॅम आणि सॉफ्टवेअर एकदम बदलले तर काम सुरू होईलही, पण कशामुळे सुरू झाले ते कळणार नाही आणि पुढच्या लग्नसराईत पुन्हा तिथेच यावे लागेल.

वीज : ऊसपट्ट्यात निम्मे निदान विजेपाशी सुरू करावे लागते. शेतीपंपांना वीज पाळीने मिळते. पाळी सुरू होताच मोटारी एकदम चालू होतात आणि व्होल्टेज खाली येते. संगणक न सांगता बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद सापडते. ती यंत्र नीट बंद झाले नाही एवढेच सांगते, कारण सांगत नाही. त्या नोंदींच्या वेळा मोटारींच्या वेळांशी जुळल्या तर कारण हाती येते. आपल्याकडच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते आणि संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत, म्हणजे चांगल्या एसएमपीएसमध्ये, साठलेली वीज पंधरा-सतरा मिलिसेकंदच पुरते. घरगुती इन्व्हर्टरला पालटायला याहून जास्त वेळ लागला की संगणक गेलाच. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर हवा आणि त्याची लहर प्युअर साइन हवी. चौकोनी लहरीवर नव्या धाटणीचे एसएमपीएस कधी कधी बंद पडतात. अर्थिंग खराब असेल तर स्पीकरमध्ये आणि रेकॉर्डिंगमध्ये ५० हर्ट्झची घरघर शिरते. ती फिल्टरने दबते, पण तिच्याबरोबर पखवाजाच्या धुमाचा भारदस्तपणाही जातो. अर्थिंग दुरुस्त करणे केव्हाही बरे.

आवाज आणि चित्र : दोन तासांचे कीर्तन मोबाइलवर घेतले, तर सुरुवातीला टाळ जुळतात आणि शेवटी हात एकीकडे, आवाज दुसरीकडे असे होते. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर क्लिप सरकलेली असते. वाढत जात असेल तर मोबाइलचा बदलता फ्रेमरेट हे पहिले कारण तपासावे. मोबाइल उजेड व उष्णतेप्रमाणे सेकंदाच्या चौकटी कमीजास्त करतो आणि संकलनाचे सॉफ्टवेअर त्या ठरलेल्या धरते. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून फाइल स्थिर फ्रेमरेटवर आणून मगच ती टाइमलाइनवर घ्यावी. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर दोन यंत्रांच्या घड्याळांतला बारीक फरकही तासाभरात काही चौकटींचा होतो.

मंडपातल्या एलईडी दिव्यांमुळे चित्रावर पट्टे सरकताना दिसतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवल्याने ते बहुधा टळतात; नंतर संकलनात ते पूर्ण जात नाहीत. २०२० च्या आयफोन १२ पासून पुढच्या फोनांचे एचडीआर चित्रण साध्या टाइमलाइनवर पांढरेफटक दिसते, तेव्हा ते आधी रेक. ७०९ या साध्या रंगमानकात रूपांतरित करावे. एच.२६५ चे दहा बिटांचे ४:२:२ चित्रण अडखळत असेल तर नवा संगणक घेण्याआधी प्रॉक्सी, म्हणजे कामापुरत्या हलक्या प्रती, बनवून पाहाव्यात. हा प्रकार उलगडायची सोय इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये आहे, तर एनव्हिडियाने ती २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत आणली. म्हणूनच महागडे जुने कार्ड अडते आणि साधा लॅपटॉप चालतो असे चित्र दिसते.

मराठी शीर्षके : ‘शुभविवाह’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते; इतर शब्दांत जोडाक्षरे फुटतात, रफार सुटून पडतो. प्रीमिअर या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमधले टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचे निवडले की हा दोष बहुधा जातो. दुसरा दोष जुना आहे. श्रीलिपीसारख्या साधनांचे युनिकोडपूर्व फॉन्ट मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवत. असा प्रकल्प दुसऱ्या संगणकावर उघडला आणि तिथे तो फॉन्ट नसला, की वधूवरांच्या नावांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. मजकूर युनिकोडमध्ये आणणे हाच यावरचा टिकाऊ इलाज. घाई असेल तर शीर्षक पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी चित्रात काढून घ्यावे. आपल्या लिपीची ही मोडतोड किरकोळ समजून सोडून देऊ नये. लग्नाचा व्हिडिओ घरात वर्षानुवर्षे पाहिला जातो आणि चुकीचे नाव तितकाच काळ टिकते.

कार्ड आणि डिस्क : ‘मीडिया ऑफलाइन’ असा लाल पडदा दिसला तरी चित्रण गेलेले नसते. बहुतेक वेळा बाहेरच्या डिस्कचे ड्राइव्ह-अक्षर बदललेले असते. ते पूर्ववत केले किंवा फाइलची नवी जागा दाखवली की भागते. अनेक कॅमेरे लांब चित्रणाचे ४ जीबीचे तुकडे करतात, कारण फॅट३२ पद्धतीत त्याहून मोठी फाइल मावत नाही. एव्हीसीएचडी प्रकारचे तुकडे सुटे ओढून घेतले तर जोडावर आवाज क्षणभर तुटतो, आणि तो क्षण मंगलाष्टकांचाही असू शकतो. कार्डाची पूर्ण फोल्डर-रचना उतरवून प्रीमिअरच्या मीडिया ब्राउझरमधून ते घेतल्यास जोड कळत नाही.

बॅटरी संपून कॅमेरा बंद पडला की एमपी४ फाइल उघडत नाही. चित्र व आवाज तिच्यात असतात, पण त्यांची अनुक्रमणिका चित्रण थांबवतानाच लिहिली जात असल्याने ती राहून जाते. त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची धड फाइल नमुना म्हणून देऊन अनट्रंकसारखे साधन बरेचदा ती नव्याने रचते. चुकून फॉरमॅट झालेल्या कार्डावर पुढे काहीही चित्रित करू नये. साध्या फॉरमॅटने बहुधा फक्त यादी पुसली जाते आणि फोटोरेकसारख्या साधनाने माल परत मिळण्याची आशा राहते. एसएसडीवरून पुसलेले मात्र ट्रिम सोयीमुळे बहुधा कायमचे जाते. कार्डावरचा माल दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून, प्रत्येक फाइल शेवटपर्यंत चालते हे पाहिल्यावरच कार्ड मोकळे करावे.