नाममुद्रा नसलेला ठेका

लावणीचा अभ्यास करणाऱ्याची नजर शेवटच्या कडव्याकडे हमखास वळते. शाहीर तेथे आपली नाममुद्रा उमटवतो, आणि तिच्या आधारे रचना कोणाची, फड कोणता, परंपरा कोणती याचा माग लागतो. होनाजी शिलारखाने यांची रचना आणि बाळा करंजकर यांचा गळा 'होनाजी बाळा' या एकाच मुद्रेत सामावले गेले. म्हणजे रचणाऱ्याबरोबर गाणाऱ्यालाही पदात जागा मिळाली. परंतु ज्याच्या ठेक्यावर ते पद उभे राहिले, त्या ढोलकीवाल्याचे नाव मुद्रेत येत नाही. तमाशाच्या एका मोठ्या प्रकाराला आपण 'ढोलकीफड' म्हणतो. वाद्याचे नाव संस्थेला लाभले, वाजवणाऱ्या हाताचे मात्र पदात कोठे नोंदले गेले नाही.

हा प्रश्न केवळ जुन्या शाहिरीपुरता राहिलेला नाही. तालवाद्यांचे सुटे आघात ध्वनिमुद्रित करायचे, संगणकात त्यांचा संच मांडायचा आणि कळफलकावर अथवा रबरी पॅडवर बोट आपटून ते वाजवायचे, ही विद्या गेल्या चार दशकांत सर्वत्र पसरली. आज एखाद्या खेड्यातला तरुणही स्वतःचा असा संच तयार करू शकतो. मग त्या संचात ज्याचा हात वाजतो त्याचे नाव कोठे लिहायचे? या प्रश्नाचा विचार आम्ही जुन्नर परिसराला समोर ठेवून करू इच्छितो.

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात ते उगाच नव्हे. चैत्र-वैशाखातील यात्रांच्या हंगामापूर्वी येथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावची मंडळी येऊन खेळाची सुपारी देतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड याच गावचा, आणि विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांचे नाव तर तमाशाच्या इतिहासापासून वेगळे काढताच येत नाही. राजुरी, आळे, बेल्हे, ओतूर या पट्ट्यातील श्रोत्यांचा कान ढोलकी आणि हलगीवर घडला आहे. गणाआधी या दोन वाद्यांची जी झटापट चालते, तिच्यावरूनच जाणता प्रेक्षक फडाची पारख करतो.

याच पट्ट्यात खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेना आकाशातून येणाऱ्या लहरी टिपतात आणि त्यांचे अंकांत रूपांतर होते. ढोलकीच्या थापेचे संगणकात जे होते ते तत्त्वतः याहून निराळे नाही. सलग लहरीची ठरावीक अंतराने मोजणी करायची आणि ते अंक साठवायचे. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने सेकंदाला ४४,१०० मोजण्या हे प्रमाण रूढ केले. या अर्थाने 'सॅम्पल' म्हणजे नमुना. साहित्याच्या परिभाषेत त्याला आम्ही अवतरण म्हणू. अवतरण म्हटले की मूळ कोणाचे हे सांगण्याची जबाबदारी आलीच.

यंत्राचा इतिहास थोडक्यात असा. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात फेअरलाइट हे नमुने साठवणारे वाद्य तयार झाले. १९८० मध्ये अमेरिकेत रॉजर लिन यांनी एलएम-१ हे यंत्र आणले. खऱ्या ड्रमचे मुद्रित आघात वाजवणारे ते पहिले तालयंत्र. त्या काळी स्मृती इतकी महाग होती, की लांबणाऱ्या मोठ्या झांजेला त्यात जागाच देता आली नाही. त्यानंतरच्या लिनड्रममध्ये आवाजाच्या चिप बदलता येत. आपला आवाज यंत्रात घालण्याची ती एक आरंभीची वाट होय. १९८८ च्या एमपीसी-६० मध्ये वादकाला स्वतःच आवाज मुद्रित करून पॅडवर बसवता येऊ लागला. पुढे ही सोय घरगुती संगणकात आली आणि यंत्राची जागा निव्वळ प्रणालीने घेतली.

आपल्याकडे या प्रवासाची ओळख झाली ती प्रामुख्याने ऑक्टोपॅडमधून. १९८५ मध्ये रोलँड कंपनीने आठ पॅडचे हे वाद्य आणले आणि पुढे ऑर्केस्ट्रा, लग्नाची वाजंत्री, बेंजो पार्टी आणि तमाशाचे फड यांत ते रुळले. त्यात वाजणारे आवाज मात्र कारखान्यात ठरलेले असत. १९९१ च्या 'जनरल मिडी' या आंतरराष्ट्रीय प्रमाणाकडे पाहिले म्हणजे ही अडचण नेमकी कळते. त्यात तालवाद्यांसाठी ४७ जागा निश्चित केल्या गेल्या. बोंगो, कोंगा, टिंबाले, अगोगो, क्विका यांना जागा मिळाली. स्वरवाद्यांच्या यादीत सतार आणि शहनाईसुद्धा आहेत. पण तबला, मृदंग, ढोलकी, हलगी यांपैकी एकही नाही. कोणते आवाज जगाचे आणि कोणते स्थानिक, याचा निर्णय एका कोष्टकाने करून टाकला. आपले नमुने आपणच घ्यावेत ही गरज त्यातूनच जन्मली. तिला हौस म्हणून बाजूला सारणे योग्य होणार नाही.

ढोलकीचा नमुना घेणे मात्र सोपे नाही, आणि त्याचे कारण तिच्या शाईत आहे. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी सुसंवादी नसतात. म्हणून बहुतेक चर्मवाद्यांतून निश्चित स्वर ऐकू येत नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह 'नेचर'मध्ये आणि पुढे १९३४ मध्ये स्वतंत्र निबंधात दाखवून दिले, की मृदंग-तबल्याच्या पुडीवर मध्यभागी चढवलेल्या लेपामुळे तिची कंपने स्वरमालेत बसतात. ढोलकीच्या लहान तोंडावरील शाईमागे हेच तत्त्व आहे. त्यामुळे ढोलकी गाण्याच्या स्वराला मिळवावी लागते, आणि एका स्वरात घेतलेला नमुना दुसऱ्या स्वराकडे फार ओढला तर वाद्याचा पिंडच बदलल्यासारखा वाटतो.

दुसरी अडचण हाताची. मोठ्या तोंडावर तळहाताचा दाब देत जो घुमारा काढतात, त्यात स्वर सरकत जातो. तो एका नमुन्यात सामावत नाही. तिसरी अडचण पुनरावृत्तीची. कोणताही वादक एकच बोल दोनदा तंतोतंत सारखा वाजवत नाही. संगणकाने एकच नमुना लागोपाठ वाजवला की कान लगेच ओळखतो. म्हणून प्रत्येक बोल हलक्या थापेपासून जोरकस थापेपर्यंत अनेक पायऱ्यांत घेतात, आणि प्रत्येक पायरीवर तो पुन्हा पुन्हा वाजवून घेतात. समजा, दहा बोल, सहा पायऱ्या आणि प्रत्येकी चार आवर्तने धरली, तर २४० तुकडे होतात. त्यांच्या आरंभीची शांतता अचूक कापावी लागते, नाहीतर ठेका मागे पडतो. बंद बोल वाजताच आधीच्या खुल्या बोलाची आस तुटली पाहिजे, अशी बांधणी करावी लागते. एवढे केल्यावर संच 'वाजतो'. म्हणजे २४० वेळा कोणीतरी कातड्यावर हात मारलेला असतो. यंत्राचा म्हणून जो ठेका आपण ऐकतो, त्याच्या तळाशी हे श्रम असतात.

येथे एक आक्षेप संभवतो. लोकपरंपरेत सारेच सामायिक असते. ठेका कोणाच्या मालकीचा नसतो, एका फडातून दुसऱ्या फडात तो जातच असतो, मग नावाचा हट्ट कशासाठी? आक्षेप वजनदार आहे, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. ठेका हा वृत्तासारखा आहे. ओवी किंवा पादाकुलक यांवर कोणी हक्क सांगत नाही. नमुना मात्र हस्ताक्षरासारखा आहे. तो विशिष्ट माणसाने, विशिष्ट वाद्यावर, विशिष्ट क्षणी उमटवलेला असतो. वृत्त उसने घेणे म्हणजे परंपरा पुढे नेणे होय. दुसऱ्याचे हस्ताक्षर निनावी वापरणे याला ते नाव देता येणार नाही.

याचे जगभर परिचित उदाहरण अमेरिकेतील आहे. १९६९ मध्ये 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदाच्या 'आमेन, ब्रदर' या ध्वनिमुद्रणात ग्रेगरी कोलमन याने काही सेकंदांचा एकट्या ड्रमचा तुकडा वाजवला. पुढे तो कापून हजारो गाण्यांत वापरला गेला आणि त्यावर संगीताचे नवे प्रकार उभे राहिले. कोलमनला त्यातून काहीच मिळाले नाही. २००६ मध्ये हलाखीत त्याचा मृत्यू झाला. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४,००० पौंड दिले, ते वृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना. ज्याच्या हाताचा तो तुकडा, तो तेव्हा हयात नव्हता.

आपल्या कायद्याने वादकाची दखल उशिरा घेतली. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याचे हक्क आले. त्यांची मुदत प्रथम २५ वर्षे होती, १९९९ मध्ये ती ५० वर्षे झाली, आणि २०१२ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्ता म्हणून ओळखले जाण्याचा नैतिक हक्कही दिला. कायद्याच्या व्याख्येत गायक-वादकांच्या पंक्तीत डोंबारी, जादूगार आणि गारुडीही बसले आहेत, ही बाब आम्हाला लक्षणीय वाटते. पण कायदा कागदावर असतो, आणि एका बैठकीची बिदागी घेऊन उठणाऱ्या कलावंतापुढे कागद क्वचितच ठेवला जातो.

हलगीच्या बाबतीत प्रश्न आणखी खोल आहे. हे वाद्य आपल्या समाजरचनेने दलित समाजांच्या वाट्याला गावकीचे काम म्हणून दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीतून अशी कामे नाकारण्याचे बळ आले, आणि कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ मध्ये झाला. अनेक घरांतून हलगी खाली ठेवली गेली ती स्वाभिमानाने. त्याच हलगीचा कडकडाट आता चित्रपटगीतांत आणि जाहिरातींत 'गावरान' रंग म्हणून हवा असतो. वाजवणाऱ्याची जात लक्षात ठेवायची आणि नाव विसरायचे, ही जुनी रीत होती. वाजवणाराच नको, फक्त त्याचा आवाज हवा, असे नव्या साधनाने करणे शक्य झाले आहे. हे साधन नवे असले तरी वृत्ती तीच राहू शकते.

याचा अर्थ संगणक नाकारावा असा आम्ही काढत नाही. राजुरीसारख्या गावातील एखाद्याने जवळच्या फडातील बुजुर्ग ढोलकीवाल्यासमोर मायक्रोफोन मांडला, त्यांचे बोल त्यांच्याच परिभाषेत नोंदवले, वाद्य कोणाच्या हातचे, स्वर कोणता, दिवस कोणता हे लिहिले, संमती आणि मोबदला दोन्ही चोख ठेवले, तर तो संच म्हणजे एक दफ्तरच होईल. प्रत्येक ध्वनिफितीच्या पोटात नाव लिहिण्यास जागा असते. बहुतेक संचांत ती रिकामी असते, किंवा तेथे 'भारतीय तालवाद्य' एवढेच लिहिलेले आढळते. हस्तलिखिताच्या अखेरीस लेखकू आपले नाव, गाव आणि तिथी लिहून ठेवत असे, आणि त्या चार शब्दांवर आपल्या वाङ्मयेतिहासाचे किती पान उभे आहे हे साहित्याच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको. ती जागा भरण्याची विद्या आपल्याकडे आहेच. ती ढोलकीवाल्याच्या कामी यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.